बायोस, बूट फ्लॉपी आणि न मरणारा डॉस

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला, तेव्हा बायोस, म्हणजे मशीन चालू होताच हार्डवेअरला जागं करणारा प्रोग्राम, अपडेट करायला फ्लॉपी नव्हे, स्क्रू ड्रायव्हर लागायचा. बायोस होता जेमतेम ८ किलोबाइटचा, रॉम चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला. तो बदलायचा तर कॅबिनेट उघडा, जुनी चिप सॉकेटमधून उपसा, नवी दाबून बसवा. हा खटाटोप हौसेचा नव्हता. सुरुवातीच्या बायोसला जोडकार्डांवरचे रॉम शोधताच येत नसत, त्यामुळे हार्ड डिस्कचं कार्ड लावलं तरी मशीनला त्याचा पत्ता नसे. ऑक्टोबर १९८२ च्या बायोसची चिप बसवली की मग ते चालायचं. ‘नवं हार्डवेअर घेत नाहीये? बायोस बदलून बघ’ हा सल्ला जवळजवळ पीसीइतकाच जुना आहे.

बायोस हे नाव त्याच्याही आधीचं. गॅरी किल्डॉल यांनी सत्तरच्या दशकात सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिताना हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा काढला, त्याला हे नाव दिलं. गंमत म्हणजे तो बायोस सिस्टिमसोबत डिस्कवरच असायचा, म्हणजे बदलायला सोपा. आयबीएमनं तो चिपमध्ये नेला आणि पुढची दहाएक वर्षं तो तिथेच अडकून बसला. मधल्या काळात खिडकीवाल्या चिपा होत्या. १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोहमन यांनी आणलेल्या या ईप्रॉमच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे. तिच्यातून अतिनील प्रकाश पाडला की आतलं पुसलं जाई. जुन्या मदरबोर्डांवर बायोस कंपनीचं चकचकीत स्टिकर दिसतं, ते पुष्कळदा या खिडकीवरचा पडदा असतं.

चिप जागच्या जागी पुसता-लिहिता येऊ लागली ती फ्लॅश मेमरीमुळे. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली, इंटेलनं १९८८ मध्ये विकायला काढली, आणि नव्वदीच्या सुरुवातीला ती मदरबोर्डांवर आली. स्क्रू ड्रायव्हरचं काम संपलं आणि बूट फ्लॉपीचं, म्हणजे मशीन जिच्यावरून सुरू करता येईल अशा फ्लॉपीचं, सुरू झालं.

पण फ्लॉपीच का? मशीनमध्ये विंडोज होतीच की. अडचण अशी, की चिप पुसली जात असताना दुसरं कुणी बायोसला हाक मारता कामा नये. विंडोजमध्ये एकाच वेळी दहा गोष्टी चाललेल्या, आणि डॉस या विंडोजच्या आधीच्या साध्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येसुद्धा ईएमएम३८६ सारखे मेमरी मॅनेजर पत्त्यांची उलथापालथ करून ठेवत. फ्लॅश करणाऱ्या प्रोग्रामला अख्खं मशीन एकट्याला हवं असायचं. म्हणून ‘फॉरमॅट ए: /एस’ करून कोरी सिस्टिम फ्लॉपी बनवायची, तिच्यावर हायमेमसारखा मेमरी ड्रायव्हर नाही, माऊसचा ड्रायव्हर नाही, काही नाही, फक्त फ्लॅशरचा प्रोग्राम आणि बायोसची फाइल. डॉसला या कामात किंमत होती ती त्याच्या रिकामेपणाची, असं मला वाटतं. तो मशीन चालू करून देई आणि बाजूला उभा राही.

यापुढची मिनिटं मात्र बसल्या फांदीवर घाव घालण्याची. नवी फाइल रॅममध्ये, चिप पुसलेली, आणि वीज गेली तर पुढच्या वेळी मशीनला उठवणारं कुणी नाही. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रात हे काम यूपीएसशिवाय करणारा माणूस एकतर शूर होता नाहीतर बोर्ड त्याचा नव्हता. यावर उतारा म्हणून चिपमध्येच एक राखीव कोपरा ठेवला गेला, बूट ब्लॉक. बाकीचा बायोस उडाला तरी हा छोटासा भाग फ्लॉपी ड्राइव्हपुरतं शहाणपण टिकवून असे. अवॉर्ड या बायोस कंपनीच्या जुन्या बूट ब्लॉकला फक्त आयसा या जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं ग्राफिक्स कार्ड ओळखता येई, म्हणून दुरुस्ती करणारे एखादं जुनाट कार्ड जपून ठेवत. एएमआय या दुसऱ्या कंपनीच्या बायोसमध्ये कंट्रोल आणि होम दाबून धरायचं, फ्लॉपीवर ठरलेल्या नावाची फाइल ठेवायची, आणि काळ्या स्क्रीनसमोर ड्राइव्हचा दिवा व बीप यांवर भरवसा टाकून बसायचं.

जी चिप मालकाला लिहिता येते, ती चोरालाही येते. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झाला. त्यानं हार्ड डिस्कवर घाण केलीच, शिवाय काही चिपसेटच्या बोर्डांवर बायोसवरही कचरा लिहून ठेवला. त्यानंतर एकाच बोर्डावर दोन बायोस चिपा देण्याची कल्पना ग्राहकांना समजावून सांगावी लागली नसेल.

तोवर अपडेटची कारणंही वाढली होती: हार्ड डिस्कची ८.४ जीबीची मर्यादा, मग ३२ जीबीची, मधे सन २००० ची तारीख मशीनला कळेल का याचा घोर. आणि नेमकी याच सुमारास फ्लॉपी जाऊ लागली. १९९८ च्या आयमॅकमध्ये ती नव्हती, २००३ मध्ये डेलनं आपल्या काही पीसींमध्ये ती आपोआप देणं थांबवलं. सीडीवरून बूट करण्याचं ‘एल टोरिटो’ हे मानक १९९५ पासून होतं, पण त्याची एक पद्धत पाहण्यासारखी आहे: सीडीवर १.४४ एमबीच्या फ्लॉपीची प्रतिमा ठेवायची आणि बायोसनं तिलाच ए: ड्राइव्ह समजायचं. फ्लॉपी गेली, तिचं सोंग राहिलं. मायक्रोसॉफ्टनं घरगुती विंडोजमधला डॉस निवृत्त केला, तरी एक्सपीच्या फॉरमॅट खिडकीत ‘एमएस-डॉस स्टार्टअप डिस्क’ची चौकट उरलीच. पुढे १९९४ मध्ये जिम हॉल यांनी सुरू केलेला फ्रीडॉस कामी आला, त्याची १.० आवृत्ती २००६ ची. २०११ मधला रुफस हा प्रोग्रामसुद्धा मुळात डॉसचा बूटेबल पेनड्राइव्ह बनवायला लिहिला गेला. आज तो विंडोज टाकायला वापरणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसतं.

यूईएफआय हा बायोसचा वारसदार आल्यावर मधला डॉस लागेनासा झाला. सेटअपमध्येच फ्लॅशर, तो थेट पेनड्राइव्ह वाचतो. पण एक जुनं कोडं उरलं: नवा प्रोसेसर चालायला नवा बायोस हवा, आणि तो टाकायला चालणारा प्रोसेसर हवा. २०१८ मध्ये रायझन २००० मालिकेतल्या ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरांच्या वेळी हे इतकं टोकाला गेलं की एएमडीनं अडकलेल्या ग्राहकांना अपडेटपुरता एक जुना, साधा प्रोसेसर उसना पाठवला. ज्या बोर्डांवर फ्लॅशबॅकचं बटण असतं त्यांना हा प्रश्न येत नाही. तिथे एक वेगळी चिप प्रोसेसरशिवायच पेनड्राइव्हवरून बायोस उतरवून घेते.

त्या पेनड्राइव्हसाठी सूचना बहुधा एकच असते: फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. यूईएफआयच्या मानकानं डिस्कवर फाइली मांडायची फॅट हीच पद्धत धरली आहे. फॅटचा जन्म १९७७ चा, मायक्रोसॉफ्टच्या डिस्क बेसिकसाठी. आयबीएम पीसीच्या चार वर्षं आधीचा.