पार्श्वभूमी : रेनहिलच्या पंचाची वही

लंडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेल्या, जॉन रॅस्ट्रिक या अभियंत्याच्या वहीची आठवण निघते ती बहुधा ऑक्टोबर १८२९ मध्ये इंग्लंडमधल्या रेनहिलला झालेल्या रेल्वे इंजिनांच्या चाचण्यांपुरती; तिथल्या पंचांपैकी तो एक. त्यांत ‘रॉकेट’ नावाचं इंजिन जिंकलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. पण वही लिहिणाऱ्या याच पंचाने सात महिने आधी धावत्या, म्हणजे रुळांवरून स्वतः चालत डबे ओढणाऱ्या, इंजिनांविरुद्ध कौल दिला होता. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, आणि सांगितलीच तर त्याची टिंगल करायला.

लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गाचं काम बरंच पुढे गेलं, तरी गाड्या ओढायच्या कशाने यावर संचालकांचं एकमत होत नव्हतं. एका गटाला धावती इंजिनं हवी होती. दुसऱ्याला मार्गाच्या कडेने जागोजागी पक्की इंजिनं बसवून दोराने डबे एका ठाण्यावरून पुढच्या ठाण्याकडे ओढायचे होते. जानेवारी १८२९ मध्ये दोन अभियंत्यांना उत्तरेकडच्या खाणींच्या रेल्वेमार्गांवर पाठवलं गेलं. वहीवाला त्यांतला एक. तिकडे त्याने सिलिंडर आणि चाकांची मापं, कोळसा किती जळतो, पाणी किती लागतं, ओझं किती ओढलं जातं, हे सगळं टिपलं.

मार्चमधला अहवाल या आकड्यांवर उभा होता. दर टनामागे दर मैलाला येणारा खर्च दोराच्या पद्धतीत कमी निघाला, मग कौलही तिकडेच गेला. धावत्या इंजिनांची एक जमेची बाजूही अहवालाने मान्य केली होती : वाहतूक वाढेल तशी ती वाढवता येतात, दोराची यंत्रणा मात्र एकदम पुरी उभारावी लागते. विरोधकांचा आक्षेप सरळ होता. एक ठाणं बंद पडलं की सगळा मार्ग ठप्प.

या अहवालाला दूरदृष्टीचा अभाव म्हणणं मला पटत नाही. तपासलेली इंजिनं खाणीवरची, जुन्या घडणीची होती. बॉयलरमध्ये तांब्याच्या २५ नळ्या घातलेली ‘रॉकेट’ तेव्हा अस्तित्वातच नव्हती. शिवाय वहीवाला स्वतः स्टुअरब्रिजच्या इंजिन कारखान्यात भागीदार होता. त्याच कारखान्याचं एक इंजिन ऑगस्ट १८२९ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या होन्सडेलला रुळांवर धावलं. असा माणूस इंजिनांचा द्वेष करत होता असं म्हणायला धारिष्ट्य लागतं!

तरी एप्रिलमध्ये संचालकांनी सर्वांत चांगल्या धावत्या इंजिनासाठी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. मुख्य अट अशी : सहा टनांच्या इंजिनाने २० टन ओझं ताशी १० मैलांनी ओढावं, आणि बॉयलरमधला दाब चौरस इंचाला ५० पौंडांवर जाऊ नये. चाचण्या सुरू झाल्यावर पंचांनी रीत नव्याने लिहून काढली. वजनाच्या तिप्पट ओझं, पावणेदोन मैलांच्या सपाट पट्ट्यावर दहा फेऱ्या, मग इंधन-पाणी भरून पुन्हा दहा. दोन टोकांच्या खांबांपाशी दोन पंच घड्याळ घेऊन उभे. वहीतल्या वेळांच्या रांगा तिथल्याच. ‘रॉकेट’ची सरासरी ताशी सुमारे १४ मैल पडली. आपल्याच अहवालाला छेद देणाऱ्या नोंदी तो माणूस सेकंदासकट लिहीत होता, आणि वही वाचताना हे विसरलं जातं.

पुढचं थोडक्यात. याच मार्गावरचा व्हिस्टनचा ९६ फुटांत एक फूट चढ दोराने चढायचा असं आधी ठरलं होतं, तोही इंजिनांनीच चढला. १८६३ मध्ये आपला बोरघाट खुला झाला तेव्हा ३७ फुटांत एक फूट चढावर धावतीच इंजिनं लावली गेली. लिव्हरपूलमध्ये मात्र लाइम स्ट्रीट स्थानकातून बोगद्याने वर येणाऱ्या गाड्या १८७० पर्यंत पक्क्या इंजिनाच्या दोरानेच ओढल्या जात होत्या. २००२ मध्ये वेल्समधल्या एका मार्गावर प्रतिकृती आणून चाचण्या पुन्हा घेतल्या, तेव्हाही ‘रॉकेट’च पहिली आली.