लॅटरल आणि कार्डिनल बोया: बाजू जहाजाची की दिशा होकायंत्राची

सागरी खुणांवरच्या बहुतेक लेखांत लॅटरल आणि कार्डिनल हे दोन्ही बोये (पाण्यात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खुणा) एकाच तक्त्यात शेजारीशेजारी मांडलेले असतात, आणि ते पाहून वाचणाऱ्याची अशी समजूत होते की फरक केवळ रंगांचा आहे: एक लाल किंवा हिरवा, दुसरा काळा-पिवळा. रंग पाठ करून परीक्षा जरूर पास होता येते, परंतु हे दोन बोये दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. एकाला विचारायचा प्रश्न दुसऱ्याला विचारला, तर ज्या खडकापासून जहाज वाचावे म्हणून बोया ठेवलेला असतो, नेमके त्याच खडकाकडे सुकाणू वळते.

लॅटरल बोया बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून त्याच्याविषयी थोडक्यात. तो जलमार्गाची कड दाखवतो. सागरी खुणांचे काम पाहणाऱ्या ‘आयाला’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या व्यवस्थेत जगाचे दोन विभाग आहेत. युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आशियाचा बहुतेक भाग ‘अ’ विभागात येतो. तेथे समुद्रातून बंदरात येताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला राहतो. उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपाइन्स हे ‘ब’ विभागात येतात आणि तेथे रंग उलटे असतात. आकार मात्र दोन्हीकडे तेच राहतात, म्हणजे डावीकडचा बोया डब्यासारखा आणि उजवीकडचा शंकूसारखा. जहाजाच्या स्वतःच्या डाव्या बाजूचा दिवा जगात सर्वत्र लालच असतो. तो आणि बोयाचा रंग यांचा संबंध जोडून नियम शिकवणाऱ्यांनी ‘ब’ विभागाचा विचारच केलेला नसतो.

‘लाल डावीकडे’ हे वाक्य ‘समुद्रातून आत येताना’ या शब्दांशिवाय लिहिणे हा मला निव्वळ निष्काळजीपणा वाटतो. बाहेर जाताना तोच लाल बोया उजव्या हाताला येतो. जेथे ‘आत’ आणि ‘बाहेर’ ठरवता येत नाही, उदाहरणार्थ किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या मार्गावर किंवा दोन्ही तोंडे समुद्राला मिळालेल्या सामुद्रधुनीत, तेथे संबंधित प्राधिकरण एक दिशा ठरवते. ती साधारणपणे खंडाभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे धरलेली असते आणि चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, जांभळट बाणाने छापलेली असते. नदीत आणखी एक गुंता होतो. नदीचा उजवा आणि डावा काठ ठरवताना प्रवाहाच्या दिशेला, म्हणजे समुद्राकडे, तोंड करून उभे राहायचे असते, तर बोयांची दिशा बहुधा समुद्राकडून वर मोजलेली असते. त्यामुळे ‘अ’ विभागातल्या नदीत वर जाणाऱ्या जहाजाच्या डाव्या हाताला असलेला लाल बोया नदीच्या उजव्या काठाकडचा असतो. दोन्ही विधाने बरोबर आहेत, फक्त ती एका वाक्यात कोंबू नयेत.

एवढ्यावरून लॅटरल बोयाचा स्वभाव कळतो: त्याचा अर्थ लावायचा तर मार्गाची ठरलेली दिशा ठाऊक हवी आणि आपण तिच्याबरोबर चाललो आहोत की तिच्याविरुद्ध, हेही ठाऊक हवे. कार्डिनल बोयाला यांपैकी कशाचीही गरज नसते. आपले जहाज कोठून आले, कोठे चालले आहे, त्याचे नाक कोणत्या दिशेला आहे, आपण ‘अ’ विभागात आहोत की ‘ब’ विभागात, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. तो फक्त होकायंत्राची भाषा बोलतो. उत्तर बोया सांगतो की माझ्या उत्तरेने जा, पूर्व बोया सांगतो की माझ्या पूर्वेने जा. बोयाचे नाव हे सुरक्षित पाण्याचे नाव आहे. धोका त्याच्या विरुद्ध अंगाला असतो. उत्तर बोया खडकाच्या उत्तरेला ठेवतात, म्हणजेच खडक त्या बोयाच्या दक्षिणेला असतो.

घोटाळा होतो तो येथेच, आणि तो दोन पायऱ्यांनी होतो. पहिली चूक म्हणजे ‘उत्तर बोया’ याचा अर्थ ‘धोका उत्तरेला’ असा घेणे. ही चूक निदान सरळ आहे आणि एकदा सांगितली की सुधारते. दुसरी चूक अधिक चिवट असते, कारण ती करणाऱ्याला नियम अगदी बरोबर पाठ असतो. लॅटरल बोयांच्या सवयीने तो असे धरून चालतो की बोयाजवळ जायचे आणि मग तो कोणत्या हाताला ठेवायचा ते ठरवायचे. आता असे जहाज घ्या की जे दक्षिणेकडून सरळ उत्तरेला चालले आहे आणि ज्याला समोर उत्तर बोया दिसतो. सुकाणूवरचा माणूस मनात म्हणतो की याच्या उत्तरेने जायचे आहे, म्हणजे आधी त्याच्यापर्यंत पोहोचू आणि मग वळसा घालू. परंतु खडक बोयाच्या दक्षिणेला आहे, म्हणजे तो जहाज आणि बोया यांच्या मधोमध आहे. बोयाच्या रोखाने टाकलेला प्रत्येक मैल धोक्याच्या रोखाने टाकलेला आहे. अशा वेळी पूर्वेने किंवा पश्चिमेने, चार्टवरची खोली पाहून, आधीपासूनच दूरचा वळसा घ्यावा लागतो. ‘बोया दिसला, म्हणजे धोका त्याच्याही पलीकडे आहे’ ही धारणा लॅटरल बोयांच्या ओळीत सहसा निभावून जाते, परंतु कार्डिनल बोयापाशी ती जहाज फोडू शकते.

एका खडकाभोवती चारही दिशांचे चार बोये असतात, असे चित्र पुस्तकांत नेहमी दिसते आणि त्या चित्राने फायद्यापेक्षा नुकसानच अधिक केले आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एकच बोया असतो, तोही ज्या अंगाने वाहतूक जाते त्या अंगाला, आणि बाकीच्या तीन बाजूंनी येणाऱ्याला इशारा देण्यासाठी तेथे काहीच तरंगत नसते. धोका बोयापासून किती दूर आहे, केवढा आहे, तो एक सुळका आहे की मैलभर पसरलेला उथळ पट्टा आहे, हे बोया सांगत नाही. ते चार्टलाच विचारावे लागते. शिवाय कार्डिनल बोया प्रत्येक वेळी खडकासाठीच असतो असेही नाही. या भागातले सर्वांत खोल पाणी कोणत्या अंगाला आहे हे सांगण्यासाठी, किंवा जलमार्गाचे वळण, फाटा वा उथळ पट्ट्याचे टोक दाखवण्यासाठीही तो ठेवतात.

ओळखण्याचे काम त्यामानाने सोपे आहे. उत्तर बोया वर काळा आणि खाली पिवळा, दक्षिण बोया वर पिवळा आणि खाली काळा, पूर्व बोया काळा आणि मध्ये पिवळा पट्टा, पश्चिम बोया पिवळा आणि मध्ये काळा पट्टा असा असतो. तरीही मी दिवसा रंगांपेक्षा माथ्यावरच्या दोन काळ्या शंकूंवर अधिक विश्वास ठेवावा असे म्हणेन, कारण सूर्य समोर असेल तेव्हा रंग दिसत नाहीत, नुसती आकृती दिसते. शंकूंची टोके जिकडे वळलेली असतात तिकडे बोयाचा काळा भाग असतो: उत्तरेला दोन्ही टोके वर, दक्षिणेला दोन्ही खाली, पूर्वेला एक वर आणि एक खाली, पश्चिमेला दोन्ही एकमेकांकडे. हा एक नियम पुरेसा असताना पश्चिमेसाठी पेल्याची आणि पूर्वेसाठी अंड्याची आकृती घोकायला लावणारी मंडळी विनाकारण ओझे वाढवतात. रात्री सर्वांचा दिवा पांढराच असतो आणि लखलखाट घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे मोजता येतात: पूर्वेला ३, दक्षिणेला ६, पश्चिमेला ९ आणि उत्तरेला अखंड. दक्षिणेच्या सहा लखलखाटांनंतर एक लांब लखलखाट मुद्दाम जोडलेला आहे, म्हणजे लाटांमुळे मोजणी चुकली तरी ते तीन किंवा नऊ समजले जाऊ नयेत.

दोन्ही प्रकार एकाच व्यवस्थेत नांदू लागले त्याला फार काळ झालेला नाही. १९७० च्या दशकापर्यंत जगात तीसहून अधिक बोया-पद्धती चालत होत्या. जानेवारी १९७१ मध्ये इंग्लिश खाडीत ‘टेक्साको कॅरिबियन’ हे तेलवाहू जहाज टक्कर होऊन बुडाले, दुसऱ्याच दिवशी ‘ब्रँडेनबर्ग’ त्याच्या अवशेषांवर आदळून बुडाले आणि त्या जागी खुणा लावलेल्या असूनही फेब्रुवारीच्या अखेरीस ‘निकी’ बुडाले. तीन जहाजांवर मिळून ५० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर एकसमान पद्धतीच्या कामाला वेग आला. ‘अ’ पद्धतीची अंमलबजावणी १९७७ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर १९८० मध्ये टोकियोच्या परिषदेत दोन्ही विभागांची मिळून एक व्यवस्था ठरली.

थेट धोक्याच्या जागी उभा असणारा बोया वेगळाच आहे आणि कार्डिनल बोयालाच तो समजणारे कमी नाहीत. एकाकी धोक्याचा हा बोया काळा असून त्याला लाल पट्टे असतात, माथ्यावर दोन काळे गोळे असतात आणि त्याचा पांढरा दिवा दोन-दोनदा लखलखतो. तो फक्त अशाच धोक्यावर ठेवतात की ज्याच्या चहूबाजूंना जाण्याजोगे पाणी आहे. नुकत्याच बुडालेल्या जहाजासाठी मात्र निळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा बोया आहे. डिसेंबर २००२ मध्ये इंग्लिश खाडीत ‘ट्रायकलर’ बुडाल्यावर पहारा आणि खुणा असतानाही ‘निकोला’ आणि ‘व्हिकी’ ही जहाजे त्याच्यावर आदळली, तेव्हा तो बोया आणला गेला. तो ना बाजू सांगतो ना दिशा. त्याचा आळीपाळीने लखलखणारा निळा-पिवळा दिवा दिसला की दूर राहायचे, आणि त्या जागी कायमची खूण लागली किंवा अवशेष हलवले गेले की तो काढून घेतात.