टॅरोची पानं : डावापासून वहीपर्यंत

पुढचं वर्ष कसं जाईल हे विचारायची सोलापुरात जुनी सोय आहे. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत, होम मैदानावर होमप्रदीपन झालं की त्या रात्री भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, बोरं, गाजरं असं काय काय मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बिथरतं की शांत उभं राहतं, यावरून पाऊसपाणी आणि महागाईचे अंदाज सांगितले जातात. दाते पंचांग तर इथलंच, शंभर वर्षांहून जुनं. त्यात पिंजऱ्यातून डुलत बाहेर येऊन चोचीने पाकीट ओढणारा पोपट धरा, आणि स्टेशनावरच्या वजनकाट्यातून पडणारं ते जाड तिकीटही धरा : एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. वजन खरं असायचं आणि भविष्य गोड.

अशा गावात रील्स बघून टॅरो (अर्थ लावायची चित्रं असलेल्या पत्त्यांची गड्डी) आलं, तेव्हा लोकांनी ते याच फळीवर नेऊन ठेवलं यात नवल नाही. जुळे सोलापूर असो की होटगी रोड, पानं मांडली की पहिला प्रश्न ठरलेला : नोकरी कधी लागेल, स्थळ कधी जमेल. टॅरो वापरणाऱ्यांतला दुसरा एक गट म्हणतो, ही पानं भविष्यासाठी नाहीतच, स्वतःच्या मनात डोकवायला आहेत. गंमत म्हणजे दोन्ही गटांत ‘हजारो वर्षांची प्राचीन इजिप्शियन विद्या’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. इतिहास मात्र त्याला साथ देत नाही.

पत्ते युरोपात पोचले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इजिप्तच्या मामलुक राजवटीकडून. म्हणजे इजिप्तचा संबंध आहे, पण फारोंशी नाही, पत्ते कुटणाऱ्या मुसलमान सरदारांशी. त्या पत्त्यांत चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग होते. उत्तर इटलीत १४४० च्या सुमारास कुणीतरी त्यात चित्रांची जास्तीची पानं घातली. सम्राट, पोप, प्रेमिक, मृत्यू, सूर्य, चंद्र अशी ही पानं म्हणजे त्या खेळातले कायमचे हुकूम. पुढे गड्डी ७८ पानांवर स्थिरावली : ५६ नेहमीची आणि २२ चित्रांची. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेली पानं आजही संग्रहालयांत आहेत. श्रीमंतांचा डाव होता तो. आपल्याकडे सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० पानांवर विष्णूचे अवतार रंगवतात, तरी गंजिफा खेळच राहिला. टॅरोचंही पहिली तीनशे-साडेतीनशे वर्षं जवळपास तसंच होतं.

सांधा बदलला पॅरिसमध्ये. आंत्वान कूर द जेबलँ या विद्वानाने १७८१ मध्ये आपल्या जाडजूड ग्रंथमालेत लिहून टाकलं की ही चित्रं म्हणजे इजिप्शियन पुरोहितांचं लपवून ठेवलेलं ज्ञान. पुरावा काहीच नव्हता, आणि असता कुठून? इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणाला वाचताच येत नव्हती. शांपोल्यॉंने ती उलगडली १८२२ मध्ये. पण कथा झकास होती. ‘एतेय्या’ या नावाने धंदा करणाऱ्या झां-बातिस्त आलिएत याने ती उचलली, पत्त्यांवरून भविष्य सांगण्याची पद्धत छापली आणि १७८९ च्या सुमारास खास भविष्यासाठीची गड्डीही काढली. ‘प्राचीन विद्ये’चं जन्मसाल हे असं फ्रेंच राज्यक्रांतीच्या आसपासचं निघतं. पुढे लेनोर्माँ नावाची प्रख्यात भविष्यवाली १८४३ मध्ये वारली आणि तिच्या नावावर ३६ पानांची एक वेगळीच गड्डी बाजारात आली. मुळात तो न्यूरेंबर्गमध्ये निघालेला घरगुती खेळ. नाव एकाचं, माल दुसऱ्याचा! पण टॅरोबाहेरच्या गड्ड्यांना गिऱ्हाईक आहे हे त्यावरून कळलं, आणि आजची ऑरॅकल कार्डं, म्हणजे टॅरोची रचना न पाळणाऱ्या सल्ल्याच्या गड्ड्या, त्याच वाटेने आली.

एकोणिसाव्या शतकातल्या गूढवाद्यांनी या पानांना हिब्रू अक्षरं जोडली, ग्रह जोडले. ते सगळं सोडून देऊ. आत्मचिंतनाच्या दृष्टीने खरं वळण लंडनला १९०९ मध्ये आलं. गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट यांनी नवी गड्डी आखली आणि चित्रं काढायला पामेला कोलमन स्मिथ या तरुण चित्रकर्तीला सांगितलं. तिने हे मोठं काम अगदी थोड्या पैशात केलं. तसं तिने पत्रात लिहून ठेवलंय. गड्डीला नाव लागलं प्रकाशक रायडर आणि वेट यांचं. ती स्वतः १९५१ मध्ये कॉर्नवॉलला हलाखीत वारली.

तिने केलं काय, तर आधीच्या बहुतेक गड्ड्यांत चषकांची पंजी म्हणजे नुसते पाच चषक असत, आपल्या बदामाच्या पंजीवर पाच बदाम असतात तसे. स्मिथने तिथे माणूस उभा केला. काळा झगा पांघरलेला, मान खाली. समोर तीन चषक लवंडलेत, पाठीमागे दोन उभे आहेत आणि ते त्याला दिसत नाहीत. पलीकडे नदी, नदीवर पूल. पुस्तक न उघडता कुणीही या चित्राकडे बघून काहीतरी बोलू शकतं. एखाद्याला सांडलेलं दिसेल, एखाद्याला पूल. कुणी विचारेल, हा वळत का नाही? नेहमीच्या आकड्यांच्या पानांवरही तिने असे प्रसंग रंगवले नसते, तर ही गड्डी घेऊन कुणी स्वतःशी बोलायला बसलं असतं असं मला वाटत नाही.

तरी ते घडायला आणखी साठ-सत्तर वर्षं गेली. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९३३ मधल्या एका व्याख्यानात टॅरोच्या चित्रांचा ओझरता उल्लेख केला होता. पुढे त्यांच्या आदिबंधांच्या, म्हणजे सगळ्या माणसांच्या मनात खोल असलेल्या समान प्रतिमांच्या, कल्पनेचा आधार घेऊन अमेरिकेतल्या लेखकांनी पानांना मनाच्या अवस्था मानायला सुरुवात केली. १९८० मध्ये रेचल पोलॅक यांचं याच वळणाचं पुस्तक आलं. १९८४ मध्ये मेरी ग्रीर यांनी सांगितलं की पानं स्वतःच स्वतःसाठी मांडा आणि वहीत लिहा. त्याच १९८० साली ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी टॅरो हा मुळात डाव होता हे एका भल्यामोठ्या ग्रंथात पुराव्यांनिशी मांडलं. आत्मचिंतनाचा हा वापर, थोडक्यात, टॅरोच्या सगळ्या वापरांत धाकटा. माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिकही तोच, कारण त्यात पानाला काही ठाऊक असावं लागत नाही.

पान ‘बरोबर’ आलं असं का वाटतं, याचं उत्तर बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये दिलं होतं. त्याने ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद सगळ्यांना एकच दिलेला होता आणि मजकूर बराचसा ज्योतिषाच्या बाजारू पुस्तकातून उचललेला. पोपटाच्या पाकिटाचं रहस्यही हेच. वहीत लिहिणाऱ्याचं मात्र यात काही बिघडत नाही. पान कुणालाही लागू पडणारं असलं तरी त्याखाली लिहिलेल्या चार ओळी त्याच्या स्वतःच्या असतात. फक्त प्रश्न बदलावा लागतो. ‘बदली कधी होईल?’ याला पान काय सांगणार? ‘बदलीची मला एवढी घाई का झालीय?’ यावर पंजीतला तो झगेवाला बोलतं करू शकतो.

स्वतःची झडती घेणं सोलापूरला नवं नाही. बाराव्या शतकात इथे सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे गड्डा यात्रेच्या त्याच सिद्धेश्वरांनी, कन्नड वचनं रचली, तीही पुष्कळशी स्वतःलाच जाब विचारणारी.

ऑरॅकल कार्डांबद्दल माझं मत जरा कडू आहे. त्यांना ठरावीक संख्या नाही, रचना नाही. काढणारा म्हणेल तो नियम. बहुतेक पानांवर एक वाक्य छापलेलं असतं, आणि ते गोडच असतं : विश्वास ठेव, तू पुरेशी आहेस, चांगले दिवस येताहेत. सकाळी एक पान काढून कामाला लागायचं असेल तर ठीक आहे. टॅरोत मात्र कोसळणारा मनोरा निघतो, साखळीतला सैतान निघतो, तीन तलवारींनी आरपार भोसकलेलं काळीज निघतं, आणि त्या दिवशी वहीत जे लिहायचं टाळत होतो तेच लिहावं लागतं.