लोखंडी नांगर विकला का जात नव्हता?

बेळगावात जाहिरातीचा विषय निघाला की मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. जन्म 1869 चा, याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. 1888 मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायची यंत्रं बनवली आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर आणला. लाकडी नांगरापेक्षा तो खोल जायचा, तरी गिऱ्हाईक येईना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात.

याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. ज्याच्या घरचा वर्षाचा जोंधळा त्या एका तुकड्यावर पिकतो, तो जमिनीची परीक्षा कशी बघेल? ‘पीक वाढेल’ हे बोलणं भुकेशी होतं. त्याच्या मनात मात्र ‘जमीन नासली तर?’ ही भीती होती, आणि तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

भूक आणि भीती या दोन वेगळ्या गरजा आहेत, अशी मांडणी 1943 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो याने केली. अन्न-पाणी, सुरक्षितता, आपलेपणा, मानसन्मान आणि शेवटी स्वतःतलं सर्वोत्तम फुलवणं अशा त्याने सांगितलेल्या पाच गरजा. या गरजा पायऱ्यांसारख्या एकावर एक रचलेला, आज पाठ्यपुस्तकात दिसणारा त्रिकोण त्याने काढलेला नाही. तो 1960 मध्ये चार्ल्स मॅकडरमिड या व्यवस्थापन सल्लागाराच्या लेखातून पसरला. खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय वरची येतच नाही, असंही मास्लो म्हणत नव्हता. त्रिकोणात ही सूट हरवली, आणि मार्केटिंग शिकणाऱ्यांच्या हाती सोपी शिडी आली: तेल-तांदूळ विकायचं ते पोटाला, विमा भीतीला, घड्याळ रुबाबाला.

आपल्याकडे 1956 साल या दृष्टीने बोलकं आहे. 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे गीतेतलं वचन त्याचं ब्रीद. घरच्यांची काळजी मी वाहीन, हे सांगायला यापेक्षा ओळखीचे शब्द कुठून मिळाले असते! बरोबर दोन महिन्यांनी, 1 नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी तत्कालीन म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेली. तेव्हापासून इथे तिसरी पायरी, आपलेपणाची, सर्वांत हळवी आहे. त्याच तारखेला एकीकडे राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे मराठी माणसाचा काळा दिवस.

म्हणून इथल्या बाजारात भाषा हीच मोठी जाहिरात ठरते. 1919 मध्ये बाबूराव ठाकूरांनी सुरू केलेल्या ‘तरुण भारत’सारख्या मराठी दैनिकात दसरा-दिवाळीला दुकानदार शुभेच्छा छापतात. त्यात मालाचा भाव नसला तरी ‘आम्ही तुमचेच’ एवढं कळतं. कुंदा या इथल्या प्रसिद्ध मिठाईचं तेच. पुण्याच्या पाहुण्यांकडे निघालेला माणूस वाटेतली भूक भागवायला कुंदा घेत नाही, बेळगावकर म्हणून आपली ओळख सोबत नेतो.

कर्नाटकाच्या 2024 च्या कायद्याने फलकावर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं. पाटीवर आता मराठी असलीच तर लहान अक्षरांत. पण लग्नसराईत साडीच्या दुकानात पायरी चढलेल्या बाईला ‘या मावशी, आधी पाणी घ्या’ असं म्हटलं जातं, आणि साड्या उलगडायला त्यानंतर सुरुवात होते.