‘अनाथ’ शब्दाचा घोटाळा : परदेशातल्या बालसेवेची पार्श्वभूमी

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. तिकडे फडाजवळ झोपडी पडते, आणि घरची शाळकरी पोरं आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहतात. होळीला आई-बाप चार दिवस येतात, पुन्हा जातात. अशा पोराला खानदेशात कोणी अनाथ म्हणणार नाही. पण त्याचाच फोटो काढून खाली ‘मायेच्या स्पर्शाची वाट पाहणारा’ असं लिहिलं आणि तो समुद्रापार पाठवला, तर तिकडच्या वाचकाला तो अनाथच वाटेल. पैसे भरून परदेशी जायचं आणि तिथल्या बालगृहात काही आठवडे सेवा करायची, हा व्यवहार बराचसा याच गैरसमजावर उभा आहे. आता अशा जाहिराती आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरही येऊ लागल्या आहेत.

घोटाळ्याची सुरुवात आकड्यापासून होते. युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा वडील यांपैकी एक जरी गेलं तरी मूल अनाथ धरतात. त्या हिशेबाने २०१५ साली जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुलं होती. दोन्ही पालक गमावलेली त्यांतली सुमारे १ कोटी ५१ लाख. त्यांतलीही बहुतेक आजी-आजोबा, काका-मामा यांच्या घरी वाढतात. भित्तिपत्रकावर मात्र पहिलाच आकडा छापला जातो.

मुलांच्या नावाने दूरदेशी पैसा उभा करण्याची रीत आपल्या भागाला नवी नाही. १८९९-१९००च्या छप्पनच्या (विक्रम संवत १९५६च्या) दुष्काळात पश्चिम भारतातली हजारो पोरकी मुलं मिशनांच्या अनाथालयांत गेली, आणि अमेरिकेतल्या वर्गणीदारांनी एकेका मुलाचा वर्षाचा खर्च उचलला. तेव्हा देणगीदार घरीच बसून असे. तो स्वतः येऊन मुलाला कडेवर घेऊ लागला ते बरंच पुढे.

स्वयंसेवेची आंतरराष्ट्रीय शिबिरं मुळात मुलांसाठी नव्हतीच. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, स्विस शांततावादी पिएर सेरेझोल यांनी फ्रान्समध्ये व्हर्दंजवळ उद्ध्वस्त झालेलं एन नावाचं गाव पुन्हा बांधायला काही माणसं जमवली. कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही त्यांत होते. त्यावरून कुरबुर झाली, आणि पाचेक महिन्यांत शिबिर आवरावं लागलं. त्यातून उभी राहिलेली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था टिकली. १९३४च्या बिहार भूकंपानंतर सेरेझोल भारतात आले तेही गावं उभारायलाच. पुढे स्वयंसेवक परदेशी पाठवण्यासाठी १९५८ साली ब्रिटनमध्ये व्हीएसओ (व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज) ही संस्था आणि १ मार्च १९६१ला अमेरिकेत पीस कोअर ही सरकारी योजना सुरू झाली. पीस कोअरचे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ भारतात होते, आणि त्यांची कामं शेती, कुक्कुटपालन, आरोग्य अशी होती. अमेरिकेचे पुढे झालेले अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, याच योजनेतून मुंबईत विक्रोळीला आल्या. त्या शिकलेल्या नर्स होत्या. आधी प्रशिक्षण, मग दोन वर्षांची नेमणूक, आणि खर्च पाठवणाऱ्याचा, अशी ती रचना होती.

१९९०नंतर ती उलटी झाली. पर्यटनाचा धंदा वाढला, शाळा आणि महाविद्यालय यांच्यामध्ये एक वर्ष जग पाहायची पाश्चात्त्य पोरांची पद्धत रुळली, आणि स्वयंसेवकच गिऱ्हाईक झाला. खर्च तो करणार, मुदत त्याच्या सुट्टीएवढी, आणि काम असं हवं की ज्याला कौशल्य लागत नाही. विहीर खणायला अंगात ताकद लागते, भिंत बांधायला गवंडीकाम यावं लागतं. मुलांशी खेळायला काही लागत नाही, असा समज आहे. बालगृहं या बाजारात शिरली ती अशी.

कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत निवासी बालसंस्थांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्या संस्थांतल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांचे आई किंवा वडील हयात होते. संस्था वाढल्या त्या मुख्यतः पर्यटक जातात तिथे. नेपाळमध्ये १९९६ ते २००६च्या यादवी युद्धात हुमलासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून दलालांनी पोरं काठमांडूला आणली. शिक्षणाची हमी देऊन बापाकडून पैसे घेतले, मुलाच्या नावे आई-वडील मेल्याची कागदपत्रं केली आणि बालगृहात नेऊन सोडलं. यांना ‘कागदी अनाथ’ म्हणतात. २०१५च्या भूकंपाच्या वेळी नेपाळच्या संस्थांत १५ हजारांवर मुलं होती, आणि त्यांतल्या ८५ टक्क्यांचा किमान एक पालक जिवंत होता. अशा गृहचालकाचं गणित साधं असतं. प्रत्येक मुलामागे देणगीदार आणि प्रत्येक खाटेमागे स्वयंसेवकाची फी. मूल घरी परतलं की दोन्ही बंद. मग गृह नीटनेटकं ठेवण्यातही तोटाच. फाटके कपडे आणि गळकं छप्पर दिसलं की पाहुण्याचा हात खिशात जातो.

हे सगळं उघडकीला आलं नसतं तरी एक प्रश्न उरलाच असता. चांगल्या चालवलेल्या गृहात प्रेमळ माणूस महिनाभर जाऊन आला, तर बिघडतं काय?

याचं उत्तर फसवणुकीच्या कहाण्यांपेक्षा जुनं आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, आणि लहान मुलाला एका ठरावीक माणसाची सततची सोबत लागते हे मांडलं. रोमानियात डिसेंबर १९८९मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा तिथली खच्चून भरलेली अनाथालयं जगाला दिसली आणि परदेशी स्वयंसेवकांची रीघ लागली. पुढे बुखारेस्टमध्ये १३६ बालकांचा शास्त्रीय अभ्यास झाला. निम्मी चिठ्ठी टाकावी तशी निवडून पालनकर्त्या कुटुंबांत दिली गेली. त्या मुलांची बुद्धी, भाषा आणि जवळीक या सगळ्यांत फरक पडला. दोन वर्षांच्या आत घर मिळालेली अनेक बाबतींत अधिक सावरली.

संस्थेत वाढणारं मूल पहिल्याच दिवशी अनोळखी माणसाच्या मांडीवर येऊन बसतं. पाहुण्याला वाटतं, काय लळा लावलाय! तो लळा नव्हे. घरातलं दीड वर्षाचं पोर परक्याला पाहून आईच्या पदराआड जातं, ते निरोगी लक्षण. ज्याला ठरावीक माणूस मिळालेला नाही ते कुणाच्याही गळ्यात पडतं. दर सहा आठवड्यांनी नवी ताई येते, जीव लावते, रडत निघून जाते. वर्षाला आठ-नऊ वेळा असं झालं की मूल कुणावर विसंबायचंच सोडतं. शिवाय अनोळखी माणसाजवळ सहज जाण्याची ही सवय गैरफायदा घेणाऱ्याच्या पथ्यावर पडते. मुंबईत कुलाब्याच्या अँकरेज निवाऱ्यांतल्या मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात परदेशी चालकांना २००६ साली शिक्षा झाली, २००८ साली उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली.

कायदे मागाहून आले. बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ची, भारताने ती ११ डिसेंबर १९९२ला स्वीकारली. २००९ साली संयुक्त राष्ट्रांनी पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. गरिबी हे एकच कारण मुलाला घरातून काढायला पुरेसं नाही, हे त्यांतलं कळीचं वाक्य. ऑस्ट्रेलियाने २०१८च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी हा गुलामगिरीचाच प्रकार मानला. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही अशा स्वयंसेवेतून होणाऱ्या हानीचा उल्लेख आला.

आता खानदेशातून जाणाऱ्याचं. नेपाळ सर्वांत स्वस्त पडतं. जळगाव किंवा भुसावळहून गोरखपूरची गाडी, पुढे सोनौली, आणि भारतीयाला व्हिसा नाही. नेमकं म्हणूनच तिथे चौकशी जास्त करावी लागते. पैसे भरण्यापूर्वी संस्थेला लेखी विचारावं : त्या देशातल्या कोणत्या खात्याकडे नोंदणी आहे, आत मुलं किती, गेल्या वर्षी त्यांतली किती घरी परतली. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल किंवा ‘एकही नाही’ असं असेल, तर तिथेच थांबावं. त्यांनी तुमच्याकडे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलं का, हे पाहावं. पासपोर्ट सेवा केंद्रातून ते ५०० रुपयांत मिळतं. न मागणारी संस्था तुमच्याआधी आलेल्यालाही तपासल्याशिवायच आत घेत होती. अर्थात त्या कागदावर फक्त नोंदलेले गुन्हे दिसतात, म्हणून मुलाखत आणि दोन ओळखीच्यांची पत्रं मागणारी संस्था त्याहून बरी. मुलाला एकट्याने बाहेर न्यायला परवानगी असेल, कुणीही कधीही भेटायला येऊ शकत असेल, तर परत फिरावं.

काम काय देणार, यावरही बरंच कळतं. मुलांना आंघोळ घालणं, झोपवणं, जवळ घेणं हे स्थानिक पगारी माणसाचं काम. फिजिओथेरपिस्टने तिथल्या काळजीवाहकांना व्यायाम शिकवावेत, लेखापालाने हिशेब लावून द्यावा. आपल्या भागाची खरी विद्या म्हणाल तर ठिबक आणि टिश्यूकल्चर केळी. तीन आठवड्यांत केनियातल्या शेतकऱ्याला ठिबकच्या नळ्या (लॅटरल) आणि थेंब सोडणारे ड्रिपर किती अंतरावर ठेवायचे हे नीट समजावून देता आलं, तर त्याचं पोर बालगृहात जायची वेळ येण्याची शक्यता थोडी तरी कमी होईल. (केनियाला जाण्याआधी किमान १० दिवस पिवळ्या तापाची लस घेऊन लस घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, जवळ ठेवावं. नाहीतर परतताना भारतात ६ दिवसांपर्यंत विलग ठेवतात.)

इकडे येणाऱ्यांचीही बाजू आहे. सातपुड्यातल्या शाळांना अधूनमधून परदेशी पाहुणे भेट देतात. पर्यटक व्हिसावर विनामोबदला स्वयंसेवा जास्तीत जास्त एक महिना चालते, त्यापुढे वेगळा व्हिसा लागतो. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१प्रमाणे बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे, आणि कलम ४२प्रमाणे ती नसेल तर चालकाला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. पोरका किंवा हरवलेला पोऱ्या सापडला तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा. त्याला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मुलाला नातेवाइकाच्या घरीच ठेवता येत असेल तर राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिचं मासिक अनुदान २०२३मध्ये ११०० वरून २२५० रुपये झालं.

आणि फोटो. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड केली तर त्याच अधिनियमाच्या कलम ७४खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा धूसर केला म्हणून सुटका होत नाही. गणवेशावर शिवलेलं शाळेचं नाव वाचता आलं तरी ओळख उघड झाली.