टीबीच्या गोळ्या कोण चुकवतो?

टीबीचा कोर्स अर्ध्यावर सोडलेल्या माणसाबद्दल दवाखान्यात, घरात आणि बातम्यांतही एकच वाक्य ऐकू येते: "जरा बरं वाटलं की गोळ्या बंद करतात हे लोक." वाक्य खोटे नाही. उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन महिन्यांत ताप हटतो, खोकला कमी होतो, भूक लागते. उरलेले चार महिने गोळ्या कशासाठी घ्यायच्या, हे शरीर सांगत नाही. पण या एका वाक्यावर क्षयरोगाच्या धोरणाचा मोठा भाग उभा राहिला आणि त्यात रुग्णाची चूल, त्याची रोजंदारी, बाईचे सासर, शेजाऱ्यांची नजर यांना फारशी जागा उरली नाही. ती जागा का हवी, हे भारतातल्याच संशोधनाने साठ वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. त्या संशोधनाकडे पाठ कशी फिरवली गेली, याची ही हकिगत.

देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातला अंदाज असा होता: देशात सुमारे २५ लाख क्षयरुग्ण, वर्षाला ५ लाख मृत्यू आणि खाटा जेमतेम ६ हजार. मिरजेजवळच्या वानलेसवाडीत मिशनचे सॅनेटोरियम, म्हणजे क्षयरुग्णांना ठेवून घेणारे आरोग्यधाम होते, मुंबईत शिवडीला रुग्णालय होते, पण अशा ठिकाणी जागा मिळणे हे नशिबाचे काम. तोवर उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती आणि दूध-अंडी. मग औषधे आली. आधी स्ट्रेप्टोमायसिन, त्यापाठोपाठ पीएएस आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड. पहिल्यांदाच हा आजार गोळ्यांनी बरा होऊ लागला. आता प्रश्न असा होता की खाट नसलेल्या लाखो लोकांना या गोळ्या घरीच देता येतील का? गरीब, अडाणी, दाटीवाटीने राहणारी माणसे वर्षभर रोज औषध घेतील, यावर डॉक्टरांचा विश्वास नव्हता.

उत्तर शोधण्यासाठी १९५६ मध्ये मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद असे चौघे त्यामागे होते आणि सूत्रे वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरकडे होती. शहरातल्या गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एक गट वर्षभर सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी. औषध दोघांना तेच. सॅनेटोरियममधल्यांना पोटभर सकस जेवण, पूर्ण विश्रांती आणि देखरेख करणाऱ्या परिचारिका होत्या. घरी राहिलेल्या रुग्णांना तीच एक खोली, तेच अपुरे जेवण आणि जमेल तेव्हा कामावर जाणे होते.

वर्षाअखेर सॅनेटोरियममधले ९२ टक्के आणि घरी राहिलेले ८६ टक्के रुग्ण समाधानकारक स्थितीत होते. फरक किरकोळ. घरच्या माणसांना लागण वाढेल ही भीतीही खोटी ठरली. उलट सॅनेटोरियममधून काही जण मुदतीआधीच निघून गेले, कारण घर त्यांच्यावाचून चालत नव्हते. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरातली सॅनेटोरियमे हळूहळू बंद होऊ लागली. गरीब देशातल्या गरीब माणसांवर झालेल्या संशोधनाने श्रीमंत देशांचे उपचार बदलावेत, असे वैद्यकाच्या इतिहासात फार वेळा घडलेले नाही.

या प्रयोगाची दुसरी बाजू इतकी उजळ नव्हती. रुग्ण खरेच गोळ्या घेतात का, हे फॉक्स यांना जाणून घ्यायचे होते. केंद्राची माणसे न कळवता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवीचा नमुना घेत. त्यात औषधाचा अंश सापडला नाही तर डोस चुकला हे उघड होई. त्या काळच्या पीएएसचा दिवसाचा डोस दहा ग्रॅमच्या घरात असे. तो पोटात गेला की मळमळ, जुलाब. रिकाम्या पोटी तर विचारूच नका. बरेच जण डोस चुकवत आहेत हे तपासण्यांतून दिसले. यावर दोन वाटा होत्या. औषध सोसवेल असे जगणे रुग्णाला मिळवून देणे ही एक आणि त्याने औषध गिळले की नाही यावर डोळा ठेवणे ही दुसरी. मद्रासने दुसरी निवडली. रोज डोळा ठेवणे अवघड, म्हणून आठवड्यातून दोनदाच, पण केंद्रात येऊन, समोर औषध घ्यायचे अशी पद्धत तिथे तपासली गेली आणि १९६४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. पुढे 'डॉट्स' म्हणून जगभर गेलेल्या पद्धतीचे एक मूळ या केंद्रात आहे.

त्याच सुमारास बंगळूरमध्ये वेगळेच काही सापडले. १९५९ मध्ये तिथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. स्टिग अँडरसन आणि डी. बॅनर्जी यांनी खेड्यापाड्यांतल्या क्षयरुग्णांना गाठून विचारले की तुम्हाला काय होतेय हे तुम्हाला कळले का, आणि कळल्यावर तुम्ही काय केलेत? १९६३ मध्ये छापून आलेले उत्तर सगळ्या गृहीतांना धक्का देणारे होते. बहुतेकांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक जणांनी उपचारासाठी धडपडही केली होती. सरकारी दवाखान्यात जाऊन आलेले रुग्ण खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत आले होते, कोणी त्यांची थुंकी तपासलीच नव्हती. म्हणजे अडाणी समजला गेलेला माणूस दारात उभा होता आणि यंत्रणा त्याला ओळखत नव्हती. १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम साध्या दवाखान्यांतून चालवायचे ठरले ते याच विचाराने. कागदावर विचार टिकला. पैसा, माणसे आणि औषधे मात्र पुढची तीस वर्षे तुटपुंजीच राहिली.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बॅनर्जींचा हा प्रश्न. रुग्णाने काय केले हे रुग्णाला विचारायचे, त्याच्याबद्दल अंदाज बांधायचा नाही. पुढे जेव्हा जेव्हा कोणी असे विचारले, तेव्हा गोळ्या सुटण्यामागची कारणे नावानिशी समोर आली.

मुंबईतल्या गरीब वस्त्यांमधल्या क्षयरुग्णांशी बोलून केलेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. विवाहित पुरुषांच्या बोलण्यात पगार, खाडे, अंगात ताकद न उरणे आणि कामावरून काढले जाण्याची भीती होती. बायकांनाही कामाची काळजी होतीच, पण त्याआधी नवरा टाकेल, सासरचे छळतील, आणि लग्न व्हायचे असेल तर स्थळ येणार नाही, ही धास्ती होती. आता याच बाईच्या जागी उभे राहून सहा महिन्यांचा कोर्स बघा. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाने लघवी नारिंगी-लालसर होते. शेजारच्या बाईने एकदा पाहिले की प्रश्न सुरू. गोळ्यांचे पाकीट घरात कुठे ठेवायचे, सासूने विचारले तर कसल्या म्हणून सांगायचे, सकाळी दवाखान्यात जाते म्हणून कोणते निमित्त काढायचे, हे रोजचे हिशेब आहेत. आजाराची लाज हा शब्द अहवालात सहज लिहिला जातो. रोज जगताना तिची किंमत एकेका चुकलेल्या डोसने मोजली जाते. पुरुषाचे दुखणे वेगळे. दवाखाना उघडतो त्याच वेळी नाक्यावर मजूर उचलले जातात. औषध घ्यायला गेला तर दिवसाचा रोज बुडतो. आणि ज्या घरातून नवरा-बायको दोघेही दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात, त्यांचे औषध गावच्या केंद्रात आणि ती दोघे फडात.

पण फक्त रुग्णाचीच सवय तपासायची हाही पक्षपातच. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी मुंबईतल्या खासगी डॉक्टरांना टीबीचे औषध लिहून द्यायला सांगितले. १९९१ मध्ये छापलेला निष्कर्ष: १०० डॉक्टर, ८० वेगवेगळे उपचार. जवळपास वीस वर्षांनी, २०१० मध्ये, झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावी भागात तोच प्रश्न पुन्हा विचारला. १०६ पैकी अवघ्या ६ जणांनी बरोबर उपचार लिहिला. डॉक्टरने चुकीचे लिहिलेले औषध रुग्णाने महिनोन्‌महिने निष्ठेने घेतले तरी जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. २०१२ च्या सुरुवातीला उदवाडियांनी मुंबईत जवळजवळ कोणत्याच औषधाला न जुमानणारा टीबी आढळल्याचे जाहीर केले, त्यामागे अशा चिठ्ठ्यांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक झाले. ते आधीच व्हायला हवे होते.

१९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाला जागतिक आणीबाणी म्हटले आणि डॉट्स आले. भारतात १९९७ पासून सुधारित कार्यक्रम सुरू झाला, २००६ पर्यंत तो देशभर पोहोचला. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा औषधांचा खोका, आठवड्यातून तीनदा डोस, तोही कार्यकर्त्यासमोर. या कार्यक्रमाने लाखो जीव वाचवले, ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही. औषध अखंड मिळणे, थुंकीची तपासणी होणे, कोणीतरी नाव घेऊन चौकशी करणे, हे आधी नव्हतेच. तरीही यशाची टक्केवारी राखण्याच्या दडपणाने एक वाईट सवय लागली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या अभ्यासात दिसले की जो रुग्ण कोर्स पुरा करणार नाही असे कर्मचाऱ्यांना वाटे, त्याला डॉट्सऐवजी जुन्या, कमी प्रभावी उपचारावर ठेवले जाई. पक्का पत्ता नाही, घर नाही, काम फिरतीचे, अशांना ज्या उपचाराची सर्वांत जास्त गरज होती, त्यातूनच ते वगळले गेले.

समोर उभे राहून गोळी गिळायला लावल्याने खरेच फरक पडतो का, हेही तपासून झाले आहे. पाकिस्तानातल्या एका चाचणीत कर्मचाऱ्यासमोर औषध घेणारे ६४ टक्के, घरच्या माणसासमोर घेणारे ५५ टक्के आणि स्वतःच घेणारे ६२ टक्के बरे झाले. २००१ मध्ये आलेल्या या आकड्यांत पहाऱ्याचा फायदा दिसत नाही. त्याआधी दहा वर्षे पॉल फार्मर यांनी हैतीच्या ग्रामीण भागातून याहून बोलके उत्तर दिले होते. तिथे दोन गटांना मोफत औषधे होती. एका गटाला शिवाय थोडे पैसे, अन्न, प्रवासखर्च आणि घरी येणारा कार्यकर्ता. हा गट सगळाच्या सगळा बरा झाला, नुसती औषधे मिळालेल्या गटात जेमतेम निम्मे. दोन्ही गटांतल्या अनेकांना आजार करणीने झाला असे वाटत होते. त्या समजुतीने औषध अडले नाही, भुकेने अडले.

आपल्याकडे २०१७ पासून रोजचा डोस आला, पहारा सैलावला आणि त्याची जागा फोनने घेतली. गोळी काढली की पाकिटावर झाकलेला नंबर दिसतो, त्यावर मिस्ड कॉल दिला की नोंद होते. दूर राहणाऱ्यांचा हेलपाटा यामुळे वाचला, हे खरेच मोठे काम झाले. पण मुंबईसह काही शहरांत ही नोंद लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिली, तेव्हा दोन्ही बऱ्याचदा जुळली नाहीत. साठ वर्षांनी आपण पुन्हा लघवीच्या नमुन्यापाशी आलो होतो.

मार्च २०२४ मध्ये तर केंद्र सरकारने राज्यांना कळवले की औषधांचा पुरवठा लांबू शकतो, जरूर पडल्यास स्थानिक पातळीवर खरेदी करा. अनेक ठिकाणी रुग्ण केंद्रात आले आणि गोळ्यांविना परतले. टीबीचा डोस चुकू देऊ नका असे भिंतीभिंतीवर लिहिणाऱ्या यंत्रणेकडून हे व्हावे, याचा राग यायलाच हवा.

मद्रासच्या प्रयोगाचा एक धागा अजून बाकी आहे. तिथे कमी खाणारेही बरे झाले, म्हणून टीबीत आहाराचे फारसे महत्त्व नाही असा अर्थ अनेकांनी काढला आणि पोषणाचा विषय मागे पडला. तो पुन्हा पुढे आणला अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी, झारखंडमध्ये, त्याच मद्रास केंद्रातून वाढलेल्या संस्थेला सोबत घेऊन. २,८०० रुग्णांना सहा महिने दर महिन्याला तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल असा दहा किलोचा शिधा दिला आणि निम्म्या कुटुंबांत घरच्या माणसांनाही धान्य दिले. सुरुवातीला पाचांतले चार रुग्ण कुपोषित होते. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. ज्या घरांत सगळ्यांना धान्य मिळाले, तिथे इतरांना टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला महिना ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. घरच्यांसाठीच्या शिध्याची सोय मात्र 'निक्षय मित्र' म्हणून पुढे येणाऱ्या दात्यांवर सोपवली आहे. ज्या गावाला दाता मिळेल तिथे शिधा, न मिळेल तिथे नाही. झारखंडमधला शिधा औषधाइतकाच उपचाराचा भाग होता. तो रेशनच्या दुकानातून, औषधासोबत, हक्काने द्यायला काही अडचण नाही.