ऑक्टोपसची आई आणि अँटेकायनसचा बाप

सह्याद्रीतली कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. झाडांचं हे माहीत होतं, पण प्राण्यांमधेही असं असतं हे वाचल्यापासून दोन जीव डोक्यातून जातच नाहीयेत. एक ऑक्टोपस आणि दुसरा ऑस्ट्रेलियातला अँटेकायनस, जो दिसायला उंदीर पण नात्याने कांगारूच्या बाजूचा. एकदाच वीण आणि मग मरण, याला 1954 मधे लामाँट कोल यांनी सेमेलपॅरिटी असं नाव दिलं.

ऑक्टोपसची मादी अंडी घातली की जवळजवळ खाणंच सोडते, अंडी साफ करत, त्यांच्यावर पाणी खेळवत बसते आणि पिल्लं बाहेर पडायच्या सुमारास मरते. कॅलिफोर्नियाजवळच्या खोल समुद्रात एक मादी 2007 ते 2011, म्हणजे तब्बल 53 महिने अंड्यांवर बसलेली दिसली, आणि इतक्या भेटींमधे ती खाताना एकदाही दिसली नाही! 1977 मधे जेरोम वोडिन्स्की यांनी अशा माद्यांच्या मेंदूजवळच्या ऑप्टिक ग्रंथी काढून टाकल्या तर त्यांनी अंडी सोडली, परत खायला लागल्या आणि जास्त जगल्या. म्हणजे मरण त्या ग्रंथींमधूनच, त्यांच्या हार्मोनमधूनच येत होतं.

तीनच वर्षांनी, 1980 मधे, ब्रॅडली, मॅकडोनाल्ड आणि ली यांचं अँटेकायनसवरचं काम आलं आणि तिथेही हार्मोनच निघाले. यांचा विणीचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा, एकेक मीलन कधी बारा तासांच्यावर चालतं. त्या काळात टेस्टोस्टेरॉन वाढतं, कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनला बांधून ठेवणारं रक्तातलं प्रोटीन कमी होतं, मग मोकळं कॉर्टिसॉल शरीर पोखरतं, पोटात अल्सर होतात, प्रतिकारशक्ती कोसळते आणि वर्षाचे व्हायच्या आतच सगळे नर मरतात, अगदी सगळे.

पण असं का व्हावं? 2013 मधे डायना फिशर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की किडे भरपूर मिळण्याचा मोसम ठरलेला, पिल्लांचं दूध तेव्हाच सुटायला हवं म्हणून सगळ्या माद्या एकाच वेळी माजावर येतात, अनेक नरांशी जुगतात, त्यामुळे नराला जे काय आहे ते त्याच एका हंगामात ओतावं लागतं. मला हे कारण पटतं.

ऑक्टोपसमधे नरही मीलनानंतर फार जगत नाही, पिल्लांना मागे कोणीच उरत नाही. अँटेकायनसची आई मात्र उरते, आणि तिची पिल्लं जन्मतात तेव्हा त्या रानात त्यांच्या जातीचा एकही मोठा नर जिवंत नसतो.